परांचीवरचा झाडू: उंचावर पाय नेमका कशावरून घसरतो?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहिलेलं रूप. अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये मागे मिक्सरची घरघर येतेय, ती स्वयंपाकघरातल्या मिक्सरची नाही, सिमेंट कालवायच्या मिक्सरची आहे. त्याचं कारण पुढे कळेलच.

आज नवीन ॲप नाही, एआय नाही, फोनचा रिव्ह्यू पण नाही. आजचा विषय आहे झाडू. हसू नका, दहा मिनिटं द्या.

चिखलीत आमच्या घरावर वरचा मजला चढतोय. खाली मी लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये, वर मिस्त्री काका आणि त्यांचे तीन माणसं. मागच्या महिन्यात एका दुपारी मीटिंग चालू असतानाच वरून धप्प असा आवाज आला आणि मग दोन सेकंद एकदम शांतता. ती शांतता मला अजून आठवते. वर पळालो तर मिस्त्री काकांचा हाताखालचा पोरगा स्लॅबवर बसलेला, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. परांचीवरून पडला होता. मनगट मोडलं, दोन महिने प्लास्टर.

परांची म्हणजे बांबू-बल्ल्या बांधून त्यावर फळ्या टाकून केलेला तात्पुरता माळा, ज्यावर उभं राहून भिंत बांधतात किंवा प्लास्टर करतात. कोणी पायाड म्हणतं. आमच्या घरावरची परांची दोन बाजूंना होती. आतल्या बाजूला स्लॅबपासून पाच फूट उंच, आणि बाहेरच्या, म्हणजे गल्लीच्या बाजूला जमिनीपासून सोळा फूट. पोरगा आतल्या बाजूला पडला. दोन तास आधी तो बाहेरच्या फळीवर होता.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसून लिहून काढतात: काय झालं, कधी झालं, त्याआधी काय बदललं होतं. कोणाला शिव्या घालायच्या नसतात, फक्त क्रम लावायचा असतो. मी तीच सवय इथे लावली. संध्याकाळी मिस्त्री काकांना घेऊन त्या फळीवर चढलो आणि फळीचे फोटो काढले. आणि खरं सांगतो, त्या क्रमात माझं नाव दोनदा आलं.

फळी होती साधारण दीड फूट रुंद. भिंतीच्या कडेने विटांची थप्पी, तिने अर्धी जागा खाल्लेली. उरलेल्या जागेत मसाल्याचं घमेलं. फळीवर सकाळपासून सांडलेला मसाला वाळून त्याचे खडे झालेले, काही लिंबाएवढे. वरून कोरडी रेती. पोरगा घमेलं बाजूला करायला मागे सरकला, टाच खड्यावर पडली, खडा गोल फिरला. संपलं.

आता माझं नाव कुठे आलं ते ऐका. एक, त्या सकाळी विटांची ट्रॉली आली होती आणि गल्ली अडली म्हणून शेजारचे काका चिडले होते. मीच म्हणालो, "काका, लवकर वर चढवून टाका सगळ्या." म्हणून त्या फळीवर गरजेपेक्षा दुप्पट विटा गेल्या. दोन, पहिल्या आठवड्यात मिस्त्री काकांनी विचारलं होतं की दिवसाला अर्धा तास साफसफाईला धरू का. मी हिशेब करून "शेवटी एकदाच साफ करू" असं म्हणालो होतो. त्यानंतर त्यांनीही विषय सोडला. परवा ते म्हणाले, "भाऊ, मालकच नाही म्हणते त मी कायले झाडू लावू?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उंचीवरून पडणं म्हटलं की आपल्या डोक्यात दोर तुटला, बांबू मोडला, चक्कर आली असं काहीतरी येतं. तसंही होतं. पण खूप वेळा सुरुवात पायाखालच्या क्षुल्लक गोष्टीपासून होते. जमिनीवर त्याच खड्यावर पाय पडला असता तर पोरगा अडखळला असता, कोणीतरी हसलं असतं, काम पुढे. खडा तोच, फक्त पाच फूट वर.

थोडं गणित करू, अकरावीचंच आहे. पाच फूट म्हणजे दीड मीटर. तिथून पडायला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि खाली टेकताना वेग असतो ताशी साधारण 19 किलोमीटर. सोळा फुटांवरून पूर्ण एक सेकंद, आणि वेग ताशी 35 च्या आसपास. म्हणजे गावातल्या रस्त्यावर चाललेल्या बाईकवरून थेट काँक्रीटवर, हेल्मेटशिवाय. माणसाला धोका जाणवून हात हलवायलाच पाव सेकंद जातो. "पकडून घेईन" हे जे आपल्याला वाटतं ना, त्याला वेळच नसतो. जे करायचं ते पाय घसरायच्या आधी करायचं.

मग फळीवर नेमकं काय काय असतं? मी आठवडाभर रोज संध्याकाळी फोटो काढले. पहिली गोष्ट रेती. कोरडी बारीक रेती फळीवर पसरली की प्रत्येक कण छोट्या छऱ्यासारखा फिरतो, बेअरिंगमध्ये असतात तसा. चपलेचा तळ आणि लाकूड यांची एकमेकांवरची पकडच सुटते. दुसरी गोष्ट ओला मसाला आणि सिमेंटचं पाणी. हे लाकडाच्या रेषांमध्ये भरतं, फळी गुळगुळीत होते. त्यात सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायला पाईप चालतो, ते पाणी फळीवरच निथळतं. आठ-दहा दिवसांनी सावलीतल्या फळीवर हिरवट थर दिसायला लागला, हे मी आधी बघितलंच नव्हतं. तिसरी गोष्ट खिळे. सेंट्रिंगची फळी काढून तीच परांचीला टाकतात आणि तिच्यातले खिळे तसेच वर तोंड करून राहतात. स्लिपर घालून काम करणाऱ्या माणसाला खिळा लागला की तो पाय झटक्यात उचलतो. दीड फूट फळीवर एका पायावर उभं राहून बघा.

आणि चौथी गोष्ट वजन, जी कचऱ्यात कोणी धरत नाही. एक लाल वीट साधारण तीन किलो. पन्नास विटा म्हणजे दीडशे किलो. भरलेलं घमेलं वीस-पंचवीस किलो. दोन माणसं सव्वाशे-दीडशे किलो. हे सगळं दोन बांबूंच्या मधल्या एका गाळ्यात. वाळलेला मसाला रोज चार-पाच किलो साचला तर आठवड्यात एक जास्तीचा छोटा माणूसच त्या फळीवर कायमचा बसलाय असं समजा. शिवाय कचऱ्याखाली फळीची चीर दिसत नाही, सुटलेली गाठ दिसत नाही, फळीचं टोक आधारावर नीट बसलंय का ते दिसत नाही. आधाराच्या बाहेर लांब आलेल्या आणि न बांधलेल्या टोकावर पाय पडला की दुसरं टोक उचललं जातं, बागेतल्या सी-सॉसारखं. साफ फळीवर हे चालता चालता नजरेला पडतं.

म्हणून मला वाटतं, उंचावर साफसफाईचा खरा फायदा दिसण्याचा आहे. घसरणं कमी होतं ते आहेच. पण घाण धोका झाकते, तो उघडा पडतो ही मोठी गोष्ट.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण परांचीवर नाही, पत्र्यांवर असतं. आपल्याकडे गोदाम, दालमिल, वर्कशॉप, सगळ्यांवर पत्रे. उजेडासाठी मधेमधे फायबरचे पारदर्शक पत्रे टाकलेले असतात. दोन उन्हाळे गेले की त्यावर एवढी धूळ बसते की वरून बघणाऱ्याला लोखंडी पत्रा कुठला आणि फायबर कुठला ते कळत नाही. उन्हाने फायबर ठिसूळही झालेलं असतं. मग पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी पन्हाळीतला पालापाचोळा काढायला वर चढतं आणि थेट खाली जातं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं तेच. यावर उपाय धाडसाचा नाही: आडवी लांब फळी टाकायची, जी खालच्या कैच्यांवर किंवा पर्लिनवर टेकेल, आणि फक्त फळीवरून चालायचं. फायबरच्या पत्र्यावर कधीच पाय नाही, तो नवा असला तरी. तुमच्यातले बरेच जण हल्ली सोलर बसवायच्या नाहीतर पॅनल धुवायच्या कामाला जातात, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. पॅनल धुतलेलं साबणाचं पाणी ज्या पत्र्यावरून वाहतं, त्याच पत्र्यावर तुम्ही उभे असता.

तसाच दुसरा सापळा म्हणजे स्लॅबमधली भोकं. जिन्याची जागा, डक्ट, पाईपसाठी सोडलेला चौकोन. आमच्याकडे डक्टवर प्लायचा तुकडा टाकला होता. दिसायला झाकलेलं, म्हणजे सुरक्षित, बरोबर? मिस्त्री काकांनीच सांगितलं की हे उघड्या भोकापेक्षा वाईट. साफसफाई करणारा माणूस तो प्लाय कचरा समजून दोन हातांनी उचलतो, समोर धरतो, त्यामुळे त्याला खालचं दिसत नाही, आणि एक पाऊल पुढे टाकतो. साफसफाईच माणसाला खाली पाडते. झाकण असेल तर ते खिळ्यांनी किंवा तारेने पक्कं केलेलं हवं, माणसाचं वजन घेणारं हवं आणि त्यावर रंगाने मोठ्ठं लिहिलेलं हवं की खाली खड्डा आहे. आम्ही लाल ऑइलपेंटने फुली मारली. बाबांनी त्यावर "हात लावू नये" असं सुवाच्य अक्षरात लिहिलंय, बँकेत लावायच्या पाटीसारखं.

आतापर्यंत वरच्या माणसाचं बोललो. खालच्यांचं काय? 8 ऑक्टोबर 2025 ला मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला एक तरुणी सकाळी कामाला चालत निघाली होती. बाजूला इमारतीचं बांधकाम चालू होतं, तिथून सिमेंटचा ब्लॉक तिच्या डोक्यावर पडला. ती गेली. तिचा त्या बांधकामाशी काही संबंध नव्हता, ती फक्त रस्त्याने चालत होती. ही बातमी वाचताना मी मुंबईच्या टॉवरचा विचार केला होता, आपल्या गल्लीचा नाही. पण सोळा फुटांवरून पडलेली तीन किलोची वीट पण ताशी 35 नेच खाली येते. आमच्या गल्लीतून सकाळी शाळेची पोरं जातात.

यासाठी फळीच्या बाहेरच्या कडेला एक उभी पट्टी मारतात. इंग्रजीत तिला टो-बोर्ड म्हणतात, आपण पायपट्टी म्हणू. अमेरिकेच्या नियमात ती किमान साडेतीन इंच उंच हवी. साडेतीन इंच! म्हणजे एक आडवी फळी उभी करून ठोकली की झालं. तिने पायाचा धक्का लागलेली वीट, थापी, हातोडा वरच राहतो. विटा त्या पट्टीपेक्षा उंच रचल्या तर मात्र पट्टीचा उपयोग नाही, मग जाळी लावा नाहीतर थप्पी छोटी ठेवा. आणि कचरा वरून खाली फेकायचा नाही, "खालीऽऽ" असं ओरडून पण नाही. बादली, दोर, कप्पी. आमच्या विहिरीची जुनी कप्पी घरात पडूनच होती.

आता कायदा. हा भाग मला स्वतःला बराच वेळ वाचावा लागला, पण थोडक्यात सांगतो, कारण इथे गंमत आहे, वाईट अर्थाने.

कारखाने अधिनियम 1948, त्याचं कलम 32. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की कारखान्यातली जमीन, पायऱ्या, जिने, येण्याजाण्याच्या वाटा मजबूत हव्यात, अडथळ्याशिवाय हव्यात आणि पाय घसरेल असं काही त्यावर नको. उंचावर काम असेल तर कठडा किंवा तशी काही सोय हवी. म्हणजे आज मी जे झाडूपुराण लावलंय ते कायद्यात कधीच येऊन बसलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये गेला असाल तर डोळ्यासमोर आणा. बऱ्याच नव्या जिनिंगमध्ये मशीन उंच ओट्यावर असतात, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते. ओट्यावर रुईचे पुंजके, कपाशीचा कचरा आणि मशीनचं तेल, तिन्ही एकत्र. तेलात भिजलेला रुईचा पुंजका पायाखाली आला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको, आणि ठिणगी पडली तर ती वेगळीच गोष्ट. तिथे ओटा झाडणं हे मालकाच्या मर्जीवर नाही, कायद्याने त्याचं काम आहे.

घरबांधणीचं काय? बांधकाम मजुरांसाठी 1996 चा कायदा आला, पण त्यात स्वतःच्या राहत्या घराचं 10 लाखांपर्यंतचं काम वगळलं होतं, आणि जिथे दहापेक्षा कमी मजूर तिथेही तो लागू नव्हता. आता हे जुने कायदे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले गेलेत, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिथे राहत्या घराची ती मर्यादा 50 लाख झाली. चिखलीत कोणाचं घर 50 लाखांच्या वर जातं आणि कोणाकडे एका वेळी दहा मजूर असतात? आमच्यासारखी बहुतेक कामं या चौकटीच्या बाहेरच. म्हणजे वर चढलेल्या माणसासाठी इन्स्पेक्टर नाही, सेफ्टी ऑफिसर नाही. मिस्त्री आणि घरमालक, एवढेच दोघं. आणि त्यातला एक जण खाली मीटिंगमध्ये.

पैशाचा हिशेब मी आधी चुकीचा केला होता, तो परत मांडतो. दोन माणसं, रोज अर्धा तास, म्हणजे एक तास. चाळीस दिवसांचं काम धरलं तर चाळीस तास, म्हणजे एका माणसाची पाच दिवसांची मजुरी. एवढे वाचवायला मी "शेवटी एकदाच साफ करू" म्हणालो होतो. पोराचा एक्स-रे, प्लास्टर, औषधं आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसे मी दिले, त्याची बढाई मारत नाही, द्यायलाच हवे होते. ती रक्कम त्या पाच दिवसांच्या मजुरीच्या कितीतरी पुढे गेली. आणि हे मनगटावर निभावलं म्हणून.

आता आमच्याकडे कसं चालतं ते सांगतो. परफेक्ट नाहीये. चहाच्या आधी, जेवणाच्या आधी आणि सुट्टीच्या आधी फळ्या झाडायच्या. तीन वेळा, कारण मसाला ओला असताना खरवडला तर दोन मिनिटात निघतो, वाळल्यावर छिन्नी लागते. फळीवर विटा भिंतीच्या बाजूला आणि फक्त पुढच्या तासाभराच्या, बाकी स्लॅबवर. चालायला दोन पावलांएवढी जागा मोकळी राहिलीच पाहिजे, नाही राहिली तर विटा खाली. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, या हिशेबाने टेकवलेली आणि वरच्या टोकाला बांधलेली, स्लॅबच्या वर तीन फूट निघालेली, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी असतं. शिडी चढताना हातात काही नाही, हत्यारं बादलीतून वर. पाणी मारलं की त्या बाजूच्या फळीवर लगेच कोणी चढत नाही. खिळे काढूनच फळी वर जाते.

मिस्त्री काका पहिले दोन दिवस कुरकुरले. "झाडतच बसलो त भिंत कवा होईन?" तिसऱ्या दिवसापासून गप्प. त्यांना विचारलं तर म्हणाले की खाली बघून चालावं लागत नाही, म्हणून हात सरळ चालतो. भिंत खरंच लवकर झाली का ते मी मोजलेलं नाही, उगाच दावा करत नाही.

सेफ्टी बेल्टचं बऱ्याच जणांनी विचारलंय. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, नुसता कमरेचा पट्टा नको, कारण झटका बसला की तो सगळा कमरेवर आणि पोटावर येतो. आयएस 3521 चा मार्क बघा, हेल्मेटला आयएस 2925. हनुवटीचा पट्टा लावला नाही तर हेल्मेट माणसाच्या आधी खाली पोचतं. पण हार्नेसचा हूक कुठे अडकवणार? ज्या परांचीवर उभे आहात तिच्याच बांबूला अडकवला तर परांचीसोबत तुम्हीही. पक्का कॉलम, बीमची सळई, असं काहीतरी हवं. छोट्या घराच्या कामात ती जागा नेहमी मिळत नाही, म्हणून मी फळी, कठडा आणि झाडू यांना आधी धरतो.

शेवटचं, आणि हे खरंच करा. तुमच्या घरी काम चालू असेल तर वरच्या माणसांना विचारा की त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाखांची मदत आहे, अपंगत्वाला आहे, पोरांच्या शिक्षणाला आहे. आमच्या पोराची नोंदणी नव्हती. का, तर 90 दिवसांचं लिहून द्यायचं कोणी? तो एका घरावर आठ दिवस, दुसऱ्यावर पंधरा दिवस, मग शेतात सोयाबीन काढायला, मग परत तिसऱ्या घरावर. प्रत्येक मालकाला वाटतं की हे आपलं काम नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

मागच्या रविवारी आम्ही दोघं त्याच्या जुन्या मालकांकडे फिरलो, माझ्या बाईकवर, तो मागे प्लास्टरचा हात छातीशी धरून. चार घरं झाली, तिघांनी तारखा सांगितल्या, एका काकूंनी तर डायरीत मजुरीचे आकडे लिहून ठेवले होते, त्यांचा फोटो काढून घेतला. आतापर्यंत 71 दिवस जुळलेत. 19 बाकी आहेत. त्यातले नऊ आमच्याच घरचे निघतील, उरलेल्या दहांसाठी येत्या रविवारी एका खेड्यावर जायचंय.

तुमच्या घराच्या, गोदामाच्या, कामाच्या जागेच्या फळ्यांचे फोटो पाठवा, कोणाचं नाव न घेता पुढच्या भागात त्यावर बोलू. मागचा मिक्सर बंद झालाय, म्हणजे सव्वापाच वाजले. वरून झाडूचा आवाज येतोय, माईक जवळ नेला तर तुम्हालाही ऐकू येईल. भेटू पुढच्या आठवड्यात.